मागापर्यंत बारा पावलं

डोलिना मॅकऑलेला कुणी "कशी आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "बरं चाललंय, तक्रार नाही." दूर उत्तरेकडच्या लुइस बेटावर सगळेच असं म्हणतात. वाऱ्यानं घराचं छप्पर उडालं तरी माणूस शेजाऱ्याला आधी एवढंच सांगणार आणि मग शिडी मागणार.

घराला लागून असलेल्या शेडमध्ये तिनं वीस वर्षं पायानं चालवायच्या मागावर लोकरीचं कापड विणलं. तिच्यासारखा सरळ काठ गावात कुणाचा पडत नसे. मग नसांच्या आजारानं आधी पाय धरले, नंतर हात. थोरला भाऊ टॉर्मोड बिनलग्नाचा, अबोल. त्यानं मेंढ्या विकून टाकल्या आणि बहिणीचं सगळं करू लागला. सरकारी अपंग भत्त्यातल्या चालण्याफिरण्याच्या भागातून भाड्यानं घेतलेली एक गाडी दारात उभी होती, चाकाच्या खुर्चीसकट आत चढता येईल अशी.

भत्ता तीन वर्षांसाठी मंजूर झाला होता. मार्चमध्ये पत्र आलं: मुदत संपत आली आहे, सोबतचा फॉर्म भरून पाठवा. मागच्या खेपेला मामेबहीण शोनाकनं दार लावून घेऊन डोलिनासोबत तो भरला होता. शोनाक गेल्या हिवाळ्यात वारली. आता लेखणी टॉर्मोडच्या हातात आली.

स्वयंपाक, औषधं, कपडे, सगळं नीट लिहून झालं. मग तो थांबला.

"वाच की पुढं," डोलिना म्हणाली.

"शौचाला आणि अंघोळीला दुसऱ्याची मदत लागते का?" तो खाली मान घालून पुटपुटला. "कसली, ते सविस्तर लिहा म्हणतायत."

चार वर्षं तो तिला रोज उचलत होता, पुसत होता, धूत होता. त्याबद्दल दोघांत एक शब्दही कधी निघाला नव्हता.

"लिही, थोडा आधार लागतो."

"थोडा? डोली, अगं..."

"कुठली कुठली परकी माणसं वाचणार ते! थोडा लिही म्हणते ना."

त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं: थोडा आधार लागतो.

मे महिन्यात कार्यालयातून फोन आला. नुसत्या फोनसाठी डोलिनानं इस्त्रीचा ब्लाउज घालून घेतला होता, केसही विंचरून घेतले होते. टॉर्मोडनं फोन स्पीकरवर ठेवला. मुख्य भूमीवरची ती बाई फार गोड बोलत होती.

"आज कशा आहात?"

"बरं चाललंय, तक्रार नाही."

"घराबाहेर पडणं होतं का?"

"मागाच्या शेडमध्ये जाते की रोज."

"अरे वा! अजून विणता?"

"माग माझाच आहे तो," डोलिना ताठ मानेनं म्हणाली.

टॉर्मोडला राहवेना. बारा पावलं होती ती. काखेत हात घालून तो तिला नेत असे आणि ती झाकलेल्या मागाशेजारी लोकरीच्या तेलाच्या वासात तासभर नुसती बसून राही.

"बाई, ती तिथं फक्त बसते. मीच तिला..."

"तुम्हालाही बोलू देईन, साहेब. आधी त्यांना सांगू द्या."

शेवटी बाईनं खरंच विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं होतं ना?" टॉर्मोडनं बहिणीकडे पाहिलं. लहानपणी चोरून साखर खाताना ती अशीच बघायची: सांगशील तर बघ.

"नाही," तो म्हणाला. "तिनं सांगितलं तेच."

जूनमध्ये निकाल आला. आपण रोज मागावर जाता असं आपणच सांगितलंत, त्यात लिहिलं होतं. भत्ता निम्म्याहून कमी झाला आणि चालण्याफिरण्याचा भाग पूर्ण बंद. टॉर्मोडनं फेरविचाराचा अर्ज केला. दोन महिन्यांनी तीच वाक्यं फिरून आली, फक्त खालची सही वेगळी.

उरलं होतं ते अपील, तीन जणांच्या मंडळासमोर. गावात अशा सरकारी कामांत सल्ला देणारी एक मुलगी होती, कुणा कोळ्याची लेक. तिनं सगळे कागद वाचले.

"काका, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता ते सगळं सांगावं लागेल. लाज गुंडाळून ठेवा. केस पक्की आहे."

घरी येऊन त्यानं डोलिनाला सांगितलं.

"मी मेल्यावर सांग," ती म्हणाली.

"मेल्यावर भत्ता कशाला लागतोय तुला?"

दोघं हसले. मग तिनं हळूच विचारलं, "तुला तरी जमेल का रे सांगायला? तीन माणसांपुढं?"

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या गोठ्यात उभा राहिला आणि एकट्यानं मोठ्यानं बोलून पाहू लागला. आधी इंग्रजीत, मग आपल्या गेलिक भाषेत. "सकाळी मी तिला..." याच्यापुढं तोंडातून शब्द फुटेना. तीनदा प्रयत्न करून तो परत आला. अपिलाची महिन्याची मुदत तशीच निघून गेली.

गाडी न्यायला आलेला माणूस ओशाळला होता. दारातच घुटमळत तो किल्ली मागायला लागला तेव्हा डोलिना आतून ओरडली, "टॉर्मोड, त्याला चहा दे आधी! बोटीतून आलाय बिचारा." त्यानं उभ्याउभ्याच चहा घेतला, मागच्या सीटवरची तिची उशी आणि शाल काढून टॉर्मोडच्या हातात दिली आणि मान खाली घालून गाडी सुरू केली.

"चांगला वाटला मुलगा," डोलिना म्हणाली. टॉर्मोडनं उशी आणि शाल आत नेऊन ठेवली.

त्या हिवाळ्यात डोलिना गावाबाहेर पडली ती दोनदाच. दोन्ही वेळा रुग्णवाहिकेतून.