सात नंबरच्या मेंढ्याचं रक्त

आमच्या फार्मवर रोज दोन गोष्टी साठतात: लेंड्या आणि किस्से. लेंड्या आम्ही वजन करून वहीत लिहितो, रिसर्च आहे ना! किस्से बिचारे तसेच पडून राहतात. म्हटलं, आज तुम्हाला सांगूनच टाकते.

बेंगळुरूला आले तेव्हा फार्मवर माझ्या ट्रायलसाठी बारा बन्नूर जातीचे मेंढे होते. सहांच्या खुराकात यीस्टची पावडर, सहांच्या नाही. मग सगळ्यांचं रक्त तपासून फरक बघायचा. ट्रायल संपली की सगळे मटणवाल्याकडे. सांभाळायला येसाजीअण्णा, पिढ्यान् पिढ्या इथले मराठी. मेंढ्यांतला सात नंबर म्हणजे त्यांचा जीव. आई गेलेलं कोकरू, अण्णांनी बाटलीने वाढवलेलं.

महिना झाला तरी रक्तात फरकच दिसेना! मी रडकुंडीला आले. शेवटी अण्णाच म्हणाले, "अक्का, एका पंगतीत सहांना वाढायचं नि सहांनी बघत बसायचं? मी स्वल्प स्वल्प सगळ्यांना दिलं."

आमच्या बॉस पाठक मॅडमनी वहीतल्या महिन्याभराच्या आकड्यांवर काट मारली. मग म्हणाल्या, "ट्रायल पहिल्यापासून!"

*

रक्ताच्या नळ्या बर्फात घालून लॅबला न्यायच्या. एकदा फार्मची गाडी बंद पडली, म्हणून रिक्षा केली. मांडीवर डबा बघून रिक्षावाल्याने विचारलं, "काय आहे?"

म्हटलं, "रक्त."

झालं! हॉर्न दाबून धरला तो थेट लॅबच्या दारापर्यंत. उतरताना अगदी काळजीने विचारतो, "पेशंट कसा आहे?"

आता काय सांगू? म्हटलं, "बरा आहे. रवंथ करतोय."

*

रक्त काढायचं सकाळी, खुराकाआधी. एकदा अण्णा लेकीकडे गेले आणि बाराही मेंढ्यांची साखर वर! मी मशीन तपासलं, पावडर तपासली. मॅडम म्हणाल्या, "घाबरलेत ते. घाबरलं की साखर चढते."

अण्णा परतले, एकेकाचा कान खाजवत गप्पा मारल्या, साखर जागेवर! सात नंबर तर त्यांच्या काखेत तोंड खुपसून उभा होता.

मॅडमनी भिंतीवरच्या नियमांत एक ओळ वाढवली: "रक्त काढताना अण्णा हजर हवेत."

*

ट्रायल संपली. आदल्या दिवशी अण्णा खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन मॅडमसमोर उभे राहिले. "मॅडम, सातला तेवढं..."

"अण्णा, नियम सगळ्यांना सारखा."

अण्णा "सरी", म्हणजे कानडीत "बरं", एवढंच म्हणाले आणि निघून गेले. मला मॅडमचा असा राग आला!

सकाळी इथल्या शिवाजीनगरहून मटणवाल्याचा टेम्पो आला. मेंढे चढू लागले. अण्णा आमच्याकडे पाठ करून गव्हाण धूत होते. धुतलेलीच परत धूत होते. मला तिकडे बघवेना.

सात नंबरची पाळी आली, तेवढ्यात मॅडम आल्या. हातात सिरिंज.

"थांबा. ह्याचं रक्त घ्यायचंय."

मी म्हटलं, "मॅडम, शेवटचं सॅम्पल कालच झालं."

"वय वाढलं की रक्त बदलतं. ते कोणी बघायचं?" त्यांनी वहीत कोरं पान काढलं आणि वर एकच नंबर लिहिला: सात.

टेम्पोवाला वैतागला. "मॅडम, किती वेळ लागेल?"

मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "म्हातारा होईपर्यंत."