तक्त्यात नसलेला ठिपका

इस्लामपूरजवळच्या सरकारी दवाखान्यात मी लसी टोचायचे, तेव्हा तिथं एक नर्सबाई होत्या. खुर्ची सोडून टेबलावर बसायच्या, आणि लाजणाऱ्या बाईला म्हणायच्या, "लाजून झालं की सांग."

एकदा एक तरुण माहेरवाशीण आली. नवरा फौजी, सुट्टीवर आलेला, पण ही सासरी जाईना. सोडचिठ्ठीची भाषा सुरू झाली होती. "ह्ये जवळ आलं की लय दुखतंय," ती म्हणाली.

बाईंनी तपासलं. "तुझ्यात काय बी खोट न्हाई." मग तिला विचारून बाहेर थांबलेल्या नवऱ्याला आत बोलावलं. भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या तक्त्यात गर्भाशय होतं, नळ्या होत्या. बाईंनी निळ्या पेन्सिलीनं खाली एक ठिपका काढला.

"बाईचं सुख हितं असतंय. पोरं व्हायला ह्याची गरज न्हाई, म्हणून सरकारनं छापलं न्हाई. आधी तिच्याशी बोल, तिचं अंग सैल होऊ दे. ही परेड न्हाई."

फौजी कानापर्यंत लाल झाला. "व्हय, बाई."

त्याची सुट्टी संपल्यावर ती सासरहून एकटीच आली. "आता दुखतंय का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई. पर पुढची सुट्टी कवा, तेवढं सरकारला इचारा की."

बाईंनी सरकून तिला टेबलावर जागा करून दिली.