एक हजार एक पणत्या

आधी हातातला चहा संपवा, नाहीतर हसताना ठसका लागेल. माझ्या हुशारीची फजिती सांगते. दहावीला मला गणितात चांगले गुण होते, हे आमगावच्या आमच्या सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. मीच सांगितलंय ना!

मोहल्ल्यात दोन गट. वरचा आणि खालचा. भांडण कशावरून सुरू झालं हे आता कोणालाच आठवत नाही, पण ते चालू मात्र नेमानं आहे. बुद्ध पौर्णिमेला विहारासाठी हजार पणत्या येतात. गेल्या वर्षी दोघांनी पाचशे-पाचशे वाटून आपापल्या गल्लीत लावल्या. विहारासमोर अंधार! मला फार वाईट वाटलं हो.

म्हणून यंदा पणत्या आणायचं काम मी मागून घेतलं. आमची माणसं सगळं सोसतील, पण दुसऱ्याला एक पणती जास्त गेलेली सोसणार नाहीत. तेव्हा आकडाच असा आणायचा, की सारखी वाटणी होऊच नये! मग सगळ्या विहारासमोरच लावाव्या लागतील.

एक हजार एक! दोननं भाग जात नाही. तीननं नाही. पाचनंही नाही. म्हणजे मूळ संख्याच की! सातनं करून बघायला हवं होतं, पण सातचा पाढा मला पहिल्यापासून आवडत नाही. बॅनरवरही तोच आकडा छापून घेतला, म्हणजे एखादी फोडून हजार करायची सोय नको.

सभेत खालच्या गटाच्या शीलाबाई म्हणाल्या, "पाचशे-पाचशे झाल्या. उरलेली एक आमची."

"काऊन? तुमी का मोठ्या लागून गेल्या?" वरच्या गटाचे सुखदेवभाऊ उठले.

मी मनात खूश. जमलं!

"मंग तीन गट करा," तरुण मंडळ म्हणालं, "आमी वेगळेच आहो." दोन पणत्या उरल्या. महिला मंडळ वेगळं निघालं, तरी एक उरली. गायन मंडळ निघालं, पुन्हा एक. पेन्शनवाले निघाले, तर पाच उरल्या!

"अहो, कायले त्रास करून घेता?" मी कळवळून म्हणाले. "या आकड्याला कोणीच भागू शकत नाही!"

सुखदेवभाऊ मोबाइलवर बोटं मारून राहिले होते. एकदम ओरडले, "सात! एकशे त्रेचाळीस येते! शून्य उरते!"

काय टाळ्या पडल्या! कित्येक वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं.

"पण गट तर सहाच आहेत," मी हळूच म्हणाले.

सभा माझ्याकडे बघायला लागली.

"वहिनी, तुमी कोनत्या गटात आहा?" शीलाबाईंनी विचारलं.

"कोणत्याच नाही. मी तर सगळ्यांची..."

"झालं मंग! तुमी अन् भाऊजी. सातवा गट!"

पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या एवढ्याशा अंगणात एकशे त्रेचाळीस पणत्या. पाय ठेवायला जागा नाही. विहारासमोर अंधार. आमचे हे मुकाट्यानं वाती घालत होते. एकाहत्तर त्यांनी लावल्या, एकाहत्तर मी. एक उरली.

"ही माझी!" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

ह्यांनी काडीपेटी माझ्या हातात दिली.

"घे वो. एका पनतीसाठी मले आठवा गट नाही काढाचा."