बटण किती वेळा दाबलं?

डॉक्टरांनी विचारलं, "दम केव्हापासून लागतो?" सलीमा आपा म्हणाल्या, "चार-पाच दिवस झाले असतील." पलंगाच्या पायथ्याशी त्यांची भाची रुबिना उभी होती, खिडकीजवळ मी होतो. डॉक्टरांनी उत्तर कागदावर लिहिलं, दोन-तीन तपासण्या सांगितल्या आणि ते पुढच्या पलंगाकडे वळले. आपांची-माझी ती शेवटची भेट. तिसऱ्या दिवशी सकाळी रुबिनाचा फोन आला. "खाला गेल्या, अंकल," एवढंच ती म्हणाली. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आपांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सरकारी नोकरीसाठी टायपिंगचं प्रमाणपत्र लागायचं, त्यामुळे फुलंब्रीपासून दौलताबादपर्यंतची मुलं-मुली एसटीनं तिथं यायची. मीही तिथंच शिकलो. आपा विद्यार्थ्याला आडनावानं हाक मारायच्या आणि बोट चुकलं की पट्टीनं मशीनवर टकटक करायच्या, हातावर कधी नाही. पुढे टायपरायटर गेले आणि त्यांच्या जागी चार कॉम्प्युटर आले. ते बिघडले की मेकॅनिक दर वेळी आठ दिवसांचा वायदा करायचा. एके दिवशी आपांनी स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेतला. "टायपरायटर खोलता येतो, तर हा डबा का नाय?" असं त्या म्हणाल्याचं त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी अजून सांगतात. दोन-तीन वर्षांत आसपासची दुकानं, क्लासेस आणि छोट्या कचेऱ्या आपली बिघडलेली मशीनं त्यांच्याकडे आणू लागल्या.

दुरुस्तीची त्यांची एक रीत होती. आधी वही उघडायची. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची, प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले चार रकाने: तक्रार, काय बदललं, काय सापडलं, माझी चूक. पहिले दोन भरल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. आणि हात लावला की एका वेळी एकच गोष्ट काढायची किंवा बदलायची, मग चालू करून पाहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही, असं त्या सांगत. ज्यांना घाई असे त्यांना ही रीत छळ वाटायची. मलाही वाटली.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं आणि तरीही बायपासच्या बाजूला नवे मजले चढतच होते. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काम करत होतो. फुलंब्रीच्या अलीकडच्या एका गावातल्या गयाबाई रोज संध्याकाळी ऑफिसात फोन करायच्या. गावातल्या बायकांच्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. सरकारी हिशेबात गावाला टँकरच्या रोज दोन खेपा मिळत होत्या. प्रत्यक्षात किती आल्या, ते त्या विहिरीच्या कठड्यावर कोळशानं रेघा ओढून ठेवायच्या आणि मला सांगायच्या. कधी दोन, बहुतेकदा एक, काही दिवस एकही नाही. मी ते तारीखवार कॉम्प्युटरमध्ये टाइप करायचो. अडीच महिने हे चाललं. मग बातमी आली की गावाला दोन खेपा नियमित मिळत असल्यानं त्यातली एक कमी करण्याचा प्रस्ताव आहे आणि शहरातल्या आढावा बैठकीत दुपारी तीनला त्यावर निर्णय होईल. गयाबाईंना तिथं बोलायला पाच मिनिटं मिळाली होती. त्या सकाळच्या पहिल्या जीपनं आल्या आणि थेट आमच्या ऑफिसात बसल्या. सव्वादहाला मी कॉम्प्युटर लावला. कंपनीचं चिन्ह आलं, त्याखाली ठिपके फिरू लागले, पडदा काळा झाला आणि पुन्हा पहिल्यापासून चिन्ह आलं. तेच चक्र. मी बटण दाबून बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

नोंदींची दुसरी प्रत नव्हती. काढायला हवी होती, काढली नव्हती. मी गयाबाईंना विचारलं, "कठड्यावरच्या रेघा असतील ना? फोटो मागवू."

"त्या कशा असतील भाऊ? तुम्ही लिवून घेतलं म्हनून दर आठवड्याला पुसत गेले मी. कठडा केवढा असतोय? हा आठवडा हाय तेवढाच."

रिक्षात प्रिंटर आणि माउस मी धरला, मशीन गयाबाईंनी मांडीवर घेतलं आणि धूळ लागू नये म्हणून वर पदर धरला. अकरा वाजता आम्ही आपांच्या टेबलासमोर होतो. आपांनी वही उघडली.

"कालपासून काय बदललं?"

"काहीच नाही, आपा."

"काहीच नाय असं काही नसतं कुलकर्णी. चालती चीज उगाच कशाला थांबंल? आठव."

"खरंच काही नाही. तुम्ही आधी उघडून तरी बघा. तीन वाजता बैठक आहे."

"घाई तुला हाय, मशीनला नाय. बरं, बटण दाबून किती वेळा बंद केलं?"

"दोन-तीनदा."

त्यांनी ३ लिहिले. मग एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. प्रिंटरची वायर काढली, मशीन लावलं, पाहिलं. माउस काढला, लावलं, पाहिलं. प्रत्येक वेळी ठिपके फिरायचे आणि पडदा काळा व्हायचा. गयाबाई खुर्चीच्या टोकावर बसून बघत होत्या.

"आपा, जित्तं हाय का?"

"श्वास चालू हाय. बोलत नाय."

"मंग आमच्या सासऱ्यावानी झालं. त्येबी समदं ऐकत्यात, बोलत मातर नाहीत."

आपा हसल्या, पण हात थांबला नाही. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. मशीन फॉरमॅट करायला सांग, अर्ध्या तासात चालू होईल, असा सल्ला होता. मी तो आपांना सांगितला. त्या म्हणाल्या, "होईल की चालू. कोऱ्या पाटीसारखं." फॉरमॅट म्हणजे काय, हे गयाबाईंनी विचारलं. सगळं पुसायचं, असं मी सांगताच त्या उठून मशीनजवळ येऊन उभ्या राहिल्या. "पुसायचं काम मी करून बसलेय. आता दुसऱ्या कुनी काय पुसू नका."

बारा वाजून गेल्यावर आपांनी मशीनचं झाकण उघडलं आणि आतली मेमरीची पट्टी बाहेर काढली. खिडकीशी नेऊन पाहिली. तिच्या पितळी दातांवर पांढुरकी पूड होती. आपांनी ती बोटाच्या टोकावर घेतली आणि जिभेला लावली.

"खारट. कुलकर्णी, तुमच्या ऑफिसात कूलर कुठं हाय?"

कूलर आधी दाराशी असायचा. उकाडा वाढला म्हणून चार दिवसांपूर्वी आम्ही तो टेबलाजवळ ओढला होता. नळाचं पाणी नसल्यानं त्यात बोअरचं पाणी भरत होतो. त्या वर्षी बोअर इतके खोल गेले होते की पाणी वाळलं की भांड्यांवर मीठ उरायचं. कूलर वाऱ्याबरोबर तेच पाणी बारीक तुषारांनी मशीनच्या जाळीवर मारत होता. आपांनी दुसऱ्या रकान्यात लिहिलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "काहीच बदललं नव्हतं ना?"

त्यांच्या ड्रॉवरमध्ये टायपिंगच्या काळातला गोल खोडरबर होता, मागे ब्रशाचा झुपका असलेला. तो रबर खरखरीत, त्यानं पट्टीवरचा मुलामा निघेल, म्हणून त्यांनी दात साध्या पेन्सिलच्या रबरानं पुसले आणि फक्त झुपक्यानं खाचेतली पूड झाडली. पट्टी परत बसवली. एक वाजायला दोन-तीन मिनिटं असताना मशीन लावलं. चिन्ह आलं, ठिपके फिरले, पडदा काळा झाला नाही. पण विंडोज उघडण्याऐवजी चिन्हाखाली पांढरी अक्षरं आली. मशीन आपल्याआपण हार्ड डिस्क तपासू लागलं होतं. आकडा भराभर वाढत सत्तावीस टक्क्यांपर्यंत गेला आणि तिथं थांबला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. आकडा तोच होता. त्या गल्लीत रोज दोन वाजता भारनियमनामुळे लाइट जायची आणि आपांचा जुना यूपीएस जेमतेम पाच मिनिटं तग धरायचा. आपांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बटण किती वेळा दाबलं? खरं सांग."

मी सांगितलं, "बारा वेळा."

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आपांचा आवाज चढला नाही. "पेपरवाला ना तू? दुसऱ्याच्या खेपा मोजतोस, अन् स्वतःच्या वेळी बाराचे तीन? अरे, लिहिता लिहिता कुणी बारा वेळा हात ओढला तर कागद राहील का धड? तीन ऐकून मी पट्टीवर थांबले. बारा म्हणाला असतास तर आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली असती, तुझी फाइल उतरवून घेतली असती. आता हे सुरू झालं. मधेच तोडलं तर जे हाय तेही जाईल."

त्यांनी ३ वर आडवी रेघ मारून १२ लिहिले. मग चौथ्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

पंख्याचा आवाज, डिस्कची अधूनमधून खरखर. दीड वाजला. लाइट जायला वीस मिनिटं उरली तेव्हा माझा हात बटणाकडे गेला. का गेला ते सांगता येत नाही. काहीतरी करावं, एवढंच होतं. आपांनी वही उचलून बटणासमोर उभी केली. "हात मागं घे." गयाबाई म्हणाल्या, "भाऊ, मी दोन दोन तास टँकरची वाट बघते रस्त्यावर. बसा की गप."

आकडा अठ्ठावीस झाला. मग एकतीस, मग चाळीस. शंभर झाले तेव्हा दोनला नऊ मिनिटं होती. विंडोज उघडलं, फाइल उघडली. आपांनी ती आधी पेन ड्राइव्हवर घेतली, मगच छपाईला लावली. शेवटचं पान अर्धं निघालं आणि लाइट गेली, प्रिंटर यूपीएसवर नव्हता. उरलेले सहा दिवस अजून कठड्यावर होते, म्हणजे गयाबाईंना पाठ होते. त्या सांगत गेल्या आणि आपांनी ते वळणदार अक्षरात त्या अर्ध्या पानावर लिहिले. बैठकीत गयाबाईंनी पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटं घेतली. एक अधिकारी हाताचं अक्षर दाखवून म्हणाले, "हे कुणी लिहिलं?" गयाबाई म्हणाल्या, "जिनं लिहिलंय ती खोटं लिहीत नाय." खेप कमी झाली नाही. सरकारी नोंद तपासायचं ठरलं. बातमी आतल्या पानावर आली.

पुढच्या वर्षांत पाऊसही झाले आणि पुन्हा दुष्काळही. गल्लीचा रस्ता रुंद झाला, त्यात जुनी इमारत गेली. आपांना नव्या कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर गाळा मिळाला. लिफ्टसाठी खड्डा होता, लिफ्ट बसली नाही. मी अधूनमधून जायचो, कधी काम असलं तर, कधी नुसताच. गेल्या हिवाळ्यात एकदा गेलो तर आपा जिन्याच्या मधल्या वळणावर बसलेल्या होत्या. पिशवी मांडीवर, चेहरा घामानं ओला. "काय झालं आपा?" विचारलं तर म्हणाल्या, "काहीच नाय रे. चावी शोधतेय." चावी त्यांच्या हातात होती. आम्ही सावकाश वर गेलो आणि चहा घेतला. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांना दवाखान्यात दाखल केलं.

गेल्या रविवारी रुबिनानं गाळा आवरायला बोलावलं. मशीनं कुणाकुणाची होती, ती ज्याची त्याला पोचवायची होती. वह्या सात निघाल्या. त्या उन्हाळ्याचं पान मी शोधलं. तक्रार: चालू होताना अडकतं. काय बदललं: कूलर, बोअरचं पाणी. बटण ३ खोडून १२. काय सापडलं: मीठ. आणि माझी चूक: "पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवला. डिस्क आधी काढायची होती." माझ्या खोटेपणाबद्दल तिथं एक शब्द नाही.

सातव्या वहीच्या शेवटी एक पान वेगळं आहे. तक्रारीत कुठल्याही मशीनचं नाव नाही, फक्त "जिना" असं लिहिलंय. खाली तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे आकडा: न थांबता किती पायऱ्या चढता आल्या. दिवाळीपासून सुरुवात आहे. बावीस, एकोणीस, सोळा, चौदा... शेवटचा आकडा सहा. तारखा तीन महिने चालल्या आहेत. दवाखान्यात त्यांनी चार-पाच दिवस सांगितले होते. दुसरा रकाना कोरा आहे, तिसराही. चौथाही.

रुबिना म्हणाली, "वही तुम्ही ठेवा, अंकल." ती आता माझ्या टेबलावर आहे. चौथा रकाना भरायला मी एकदा पेन उघडलं होतं आणि परत बंद केलं, कारण ते पान आपांचं आहे. जे लिहायचं होतं ते इथं लिहितो. डॉक्टर विचारत होते तेव्हा मी खिडकीजवळ उभा होतो. जिन्यावरचं मी पाहिलं होतं, चावी हातात असल्याचंही पाहिलं होतं. पहिलं उत्तर खरं नाही, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही.