हमीदाभाभीच्या शेंगा

खोली बघायला कुणी आलं की शेजारच्या हमीदाभाभी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन हजर व्हायच्या. शिरूरकडं कारखाने आले तेव्हा आम्ही घरामागं दोन खोल्या बांधल्या. भाडेकरू कसा पारखायचा, हे मला ठाऊक नव्हतं. गाव कुठलं, पगार किती, एवढं विचारायची आणि सांगतील ते खरं धरायची.

भाभी काहीच विचारायच्या नाहीत. आलेल्या बाईपुढं सूप सरकवायच्या. "बस गं. चार शेंगा फोड, चहा होतोय." बाई फोडायला लागली की आपणहून बोलायची. नवऱ्याची रात्रपाळी, सासूचं दुखणं, आधीची खोली का सोडली, सगळं. "हात कामात आसला का मानूस खोटं बोलायचं इसरतं," असं भाभींचं म्हणणं. एकीनं टरफलं अंगणभर टाकली. ती गेल्यावर भाभी म्हणाल्या, "हिला न्हाई द्यायची. तुझी मोरी रोज तुंबंल." नाव त्या अगदी शेवटी विचारायच्या, तेही हाक मारायला हवं म्हणून. निम्म्या शेंगा मात्र स्वतःच खायच्या. त्यांनी निवडलेल्या एकाही भाडेकरूनं मला त्रास दिला नाही.

पुढं त्यांच्या एकुलत्या मुलाला, सलीमला, दौंडला रेल्वेत नोकरी लागली. आई जवळ असावी म्हणून तो खोली शोधू लागला. भाभीही गेल्या आणि आठवड्याभरात परत आल्या.

"मिळाली का?"

"कशाची मिळतीय. दारातच नाव इचारत्यात आन् म्हंत्यात, कालच दिली."

"दोन शब्द बोलला असता तुम्ही."

"बोलायला बसवाया तर पायजे, आक्का. शेंगा कुनी पुढं केल्याच न्हाईत."

सलीम चौघा कामगारांबरोबर एका खोलीत राहिला. भाभी इथंच राहिल्या. थंडीत त्यांनी छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं. मी खाटेशेजारी शेंगा फोडत बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू दिली आसतीस का गं मला खोली?"

"नसती दिली. सूप रिकामं केलं असतं तुम्ही."

खोकला लागेपर्यंत त्या हसल्या.

निरोप मिळताच सलीम निघाला, पण पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. दौंड तसं लांब नाही. पण आईनं हाक मारली तर ऐकू येईल, इतकं जवळही नाही.