पडद्याखालची ओळ

नाना हसायचे ते सगळ्यांच्या मागून. टीव्हीवर काही गमतीचं झालं, घरातले खळखळून हसले, की नाना एक क्षण सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हसायचे. त्यांच्या बायकोच्या, स्टेनोबाईंच्या, हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण एकदा लक्षात आल्यावर त्यांना दुसरं काही दिसेना. मग हळूहळू नाना हसायचेच थांबले. टीव्ही लागला की ते उठून मागच्या गॅलरीत जायचे, खुर्ची भिंतीला टेकवायचे आणि सकाळी वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडायचे.

कागद कारखान्याच्या बॉयलरवर नानांची एकोणतीस वर्षं गेली होती. कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी दाराची घंटा गेली, मग फोन, मग पाठीमागून मारलेली हाक. कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तर ते भलत्या वेळी शिट्ट्या मारायचं. "आयुष्यभर बॉयलरची शिट्टी ऐकली, आता ही कानात घेऊन फिरू का?" असं म्हणून नानांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं ते टाकलंच. समोर बसून, तोंड दाखवून बोललं की त्यांना बरंचसं कळायचं, कारण ते ओठ वाचायला शिकले होते. पण टीव्हीवरची माणसं पाठ फिरवून बोलतात, अंधारात बोलतात, दाढी वाढवून बोलतात. त्यांच्यापुढे नानांनी हात टेकले होते.

त्यांच्या बायकोला स्टेनोबाई हे नाव कोर्टात पडलं आणि घरापर्यंत आलं. एकतीस वर्षं त्या तिथे लघुलेखिका होत्या. वकील अडखळले तरी बाईंची पेन्सिल अडखळायची नाही. साक्षीदार रडत बोलो की ओरडत, कागदावर जे बोललं गेलं तेच उतरायचं. आणि जे नीट ऐकूच आलं नाही तिथे कंसात 'अस्पष्ट' असा शब्द पडायचा. त्या एका शब्दाच्या बाबतीत बाई फार कडक होत्या. नव्या मुलींना सांगायच्या, "कंटाळा आला म्हणून अस्पष्ट लिहायचं नाही. खरंच अस्पष्ट असेल तरच."

त्या निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी लेक चार दिवसांची रजा काढून आली, ती हातात बुटांच्या खोक्याएवढा काळा डबा घेऊनच. त्यात दोन हार्ड डिस्क होत्या. घरातल्या सगळ्या जुन्या व्हिडिओ टेप दुकानातून फाइली करून आणून तिने त्यात भरल्या होत्या आणि वर पन्नासेक सिनेमेही घातले होते.

"आई, सिनेमांना खाली ओळी आहेत. माणसं बोलतात ते लिहून येतं. नाना वाचू शकतील. याच्यावर एक सॉफ्टवेअर टाकलं, की टीव्हीवर यादी दिसते. हवं ते लावायचं."

पण सॉफ्टवेअर टाकायच्या आधीच तिला हॉस्पिटलच्या लॅबमधून बोलावणं आलं. ती तिसऱ्या दिवशीच परत गेली. डबा टीव्हीच्या कपाटावर दिवे लुकलुकवत, बारीक घरघर करत बसून राहिला. फोनवर लेक म्हणाली, "कुणाला तरी बोलावून करून घे ना."

"मी कोर्टात काय कुणाला बोलावून डिक्टेशन घेत होते?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी नवी वही काढली.

सॉफ्टवेअर टाकणं त्यांना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. कॉम्प्युटरवर डब्याचं पान उघडायचं, नाव आणि पासवर्ड घालायचा, यादीतून मीडिया सर्व्हर नावाचं ते सॉफ्टवेअर निवडायचं आणि बटण दाबायचं. प्रत्येक पायरी त्यांनी लघुलिपीत वहीत उतरवली. गाडी अडली ती टीव्हीवर. टीव्हीवरचं अ‍ॅप गोल गोल फिरायचं आणि सांगायचं, सर्व्हर सापडला नाही. बाईंनी डबा बंद करून चालू केला, टीव्ही बंद करून चालू केला, सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. दोन दिवस हेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. "कुठे अडलंय?"

बाई त्यांच्याकडे वळून, तोंड दाखवून म्हणाल्या, "कॉम्प्युटरला डबा दिसतोय. टीव्हीला दिसत नाही."

"वाफ एका टोकाला आहे, दुसऱ्या टोकाला नाही," नाना म्हणाले. "मग दोन्ही टोकं सोड. मधला व्हॉल्व्ह बघ."

बाईंना आधी हसू आलं. मग त्यांनी डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता वहीत लिहिला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता खाली लिहिला आणि दोन्ही पत्ते एकाखाली एक वाचले. चार आकड्यांपैकी तिसरा वेगळा होता. टीव्ही घरच्या वायफायवर नव्हताच, तो पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वायफायवर होता. तिथून इंटरनेट मिळतं, पण घरातल्या बाकीच्या वस्तू दिसत नाहीत. टीव्ही बसवला तेव्हा नानांच्या धाकट्या भावाने तो जोडून दिला होता, आणि पाहुण्यांचा पासवर्ड सोपा म्हणून तोच घातला होता.

"भाऊजींचं काम," बाई म्हणाल्या. नानांना ते ओठांवरून बरोबर कळलं आणि ते स्वतःशीच हसले.

टीव्ही घरच्या वायफायवर आणल्यावर त्याला सर्व्हर सापडला, पण यादी कोरी. पन्नास सिनेमे आणि वीसेक टेपा घातलेल्या असून एकही नाही! बाईंचा चेहरा पडला. हे कोडं सुटायला पूर्ण आठवडा गेला. शेवटी कुणा अनोळखी माणसाने इंटरनेटवर लिहिलेल्या उत्तरातून त्यांना कळलं, की त्या सॉफ्टवेअरचं डब्यात स्वतःचं वेगळं खातं असतं आणि सिनेमांचा फोल्डर वाचायची परवानगी त्या खात्याला कुणी दिलेलीच नव्हती. हे मात्र बाईंना लगेच पटलं. कोर्टातला कारकूनही हुकमाशिवाय दप्तर उघडत नसे. त्यांनी परवानगीच्या चौकटीत खूण केली, यादी पुन्हा भरायला सांगितलं, आणि दहा मिनिटांत टीव्हीवर रांगेने चित्रं येऊन बसली.

त्या दुपारी नाना गॅलरीतून आत आले. सिनेमा विनोदी होता. खाली ओळी उमटत होत्या. एका ठिकाणी नाना मोठ्याने हसले, आणि बाईंना अजून वाक्य पुरतं ऐकूही आलं नव्हतं. ओळ आवाजाच्या किंचित आधी आली होती. बाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच नळ सोडून उभ्या राहिल्या.

महिन्याभरात नानांनी निम्मी यादी संपवली. मग एक दिवस त्यांनी जुन्या टेपांपैकी एक लावली. बावीस वर्षांपूर्वी या घरात सामान आणलं त्या दिवसाची. जिन्याच्या वळणावर लाकडी कपाट अडकलेलं, नाना खालच्या बाजूला, धाकटा भाऊ वरच्या बाजूला, आणखी दोन हमाल. सगळे एकाच वेळी बोलत होते.

"याला ओळी नाहीत?" नानांनी विचारलं.

"या आपल्याच टेपा. यांच्या ओळी कोण लिहिणार?" बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की कोण लिहिणार.

दुसऱ्या दिवसापासून त्या कानाला हेडफोन लावून बसल्या. वाक्य ऐकायचं, ते किती सेकंदाला सुरू झालं आणि किती सेकंदाला संपलं ते लिहायचं, खाली वाक्य टाइप करायचं. पहिली फाइल तयार केली तर टीव्हीवर काहीच दिसेना, कारण ओळींच्या फाइलीचं नाव व्हिडिओच्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. नाव जुळवलं तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा बाजार. बाईंनी कोर्टातल्या सवयीने जुन्या फाँटमध्ये टाइप केलं होतं, आणि तो फाँट त्यांच्या कॉम्प्युटरबाहेर कुणालाच वाचता येत नव्हता. चाळीस पानं पाण्यात गेली. त्या कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या युनिकोडवर आल्या. कीबोर्ड जुन्या टाइपरायटरसारखाच ठेवता येतो हे कळलं तेव्हा मात्र बोटांना घरी परतल्यासारखं झालं.

आणि मग कपाटाची टेप आली.

हेडफोनमध्ये सगळं लख्ख ऐकू येत होतं. धाकटा भाऊ घामाघूम होऊन वरून म्हणत होता, "दादाशी बोलून काय उपयोग वहिनी, त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं." आणि लगेच, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एक बाईमाणसाचा आवाज, "मी तर बोलणंच सोडलंय." त्यावर भाऊ कॅमेऱ्याकडे बघून हसला होता.

आवाज त्यांचाच होता. कॅमेरा त्यांच्या हातात होता.

बाईंनी ते वाक्य तीनदा ऐकलं. दमल्या असतील, वैतागल्या असतील, बावीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय. पण आवाजात वैतागही नव्हता. कुणी वेळ विचारली आणि सांगितली, इतका तो सहज होता. बाईंनी भावाच्या ओळीच्या जागी कंसात 'अस्पष्ट' लिहिलं. खालच्या ओळीतही 'अस्पष्ट' लिहिलं आणि फाइल डब्यात टाकून दिली.

नानांनी टेप त्याच संध्याकाळी बघितली. जिन्याच्या वळणाशी त्यांनी रिमोट दाबून चित्र थांबवलं.

"इथे अस्पष्ट का लिहिलंस?"

"आवाज नीट येत नव्हता."

"त्याचे ओठ मला वाचता येतात," नाना म्हणाले. "तेव्हाही येत होते. भिंतीशी बोललेलं बरं, असं म्हणतोय तो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मला ते त्याच दिवशी कळलं होतं. पण मग तो कॅमेऱ्याकडे बघून हसला. का हसला ते मला बावीस वर्षांत कळलं नाही. तू काय म्हणालीस?"

बाईंना काहीही सांगता आलं असतं. नानांना दुसरं कोण सांगायला येणार होतं? त्या उठून कॉम्प्युटरजवळ गेल्या, फाइल उघडली आणि दोन्ही कंस खोडले. भावाचं वाक्य लिहिलं. आपलं वाक्य लिहिलं. फाइल साठवली आणि नानांच्या शेजारी येऊन बसल्या. टेप परत मागे नेऊन लावली.

नानांनी ओळ वाचली. मग पुन्हा मागे नेऊन वाचली.

"खरं आहे," ते म्हणाले. "सोडलं होतंस."

"चुकलंच माझं."

"मीही विचारायचं सोडलं होतं. परत काय म्हणालीस, परत काय म्हणालीस, असं किती वेळा विचारायचं? लाज वाटायची." मग रिमोट पुढे करून ते म्हणाले, "पुढे लाव."

पुढच्या ओळी बाईंनीच लिहिल्या होत्या, पण घाईत. आता नानांबरोबर वाचताना त्या चपापल्या. सगळ्यांच्या आरडाओरड्यात खालून एक ओळ येत होती. 'आधी दार काढा.' हमालांचं भांडण, भावाच्या सूचना, आणि पुन्हा खाली, 'कपाटाचं दार काढा आधी.' मग पुन्हा. चार वेळा. ते नाना होते. कुणी वळूनही बघितलं नव्हतं. शेवटी कपाट तसंच रेटलं होतं आणि त्याचा एक पाय मोडला होता.

"बघ!" नाना मांडीवर थाप मारून म्हणाले. "बघ, बघ! चारदा सांगितलं होतं!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

पुढच्या रविवारी धाकटा भाऊ दुपारी आला तेव्हा नानांनी त्याला न सांगता तीच टेप लावली. बाईंनी डोळ्यांनी नको नको म्हटलं, पण नाना बधले नाहीत. भिंतीची ओळ आली तसा भाऊ खुर्चीत सरळ झाला.

"वहिनी, हे तुम्ही लिहिलंत?"

"बोललात तुम्ही, भाऊजी. मी नुसतं टाइप केलं. खालचं माझं आहे, तेही वाचा."

त्याने वाचलं. मग 'आधी दार काढा' आलं, पुन्हा आलं, चौथ्यांदा आलं, तोवर त्याची मान खाली गेली होती. तो उठून नानांच्या समोर, उजेडात येऊन बसला आणि सावकाश, तोंड दाखवून म्हणाला, "दादा, तुझं ऐकायला हवं होतं रे."

"कपाटाच्या पायाचे पैसे देतोस का?" नाना म्हणाले, आणि या वेळी तिघं एकदमच हसले.

बाकीच्या टेपांचं काम पावसाळाभर चाललं. एक टेप अशी निघाली, की तिचा आवाज कधीच मेला होता. हेडफोनमध्ये नुसती खरखर. बाईंनी ती बाजूला ठेवली होती. नानांनी ती शोधून काढली आणि खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली.

"हिच्या ओळी मी सांगतो. तू घे."

पडद्यावर चार वर्षांची लेक सायकलवर बसलेली होती, आणि शेजारचा शिंपी मागून सीट धरून काहीतरी बोलत होता. नाना चष्मा पुसून पुढे वाकले.

"ती म्हणतेय, धरून ठेवा, धरून ठेवा." बाईंची बोटं चालू लागली. "तो म्हणतोय, धरलंय." नाना थांबले. त्यांनी चित्र मागे नेलं, परत बघितलं आणि हसू दाबलं. "तिने चाक त्याच्या पायावर घातलं. आता तो भलतंच काहीतरी म्हणतोय."

"काय?"

नानांनी सांगितलं. बाईंनी कीबोर्डवरून हात उचलले.

"हे लिहू?"

"म्हणाला ना तो?" नाना म्हणाले. "मग लिही."