आधी परवानगी, मग राजीनामा

परदेशात नोकरी करणाऱ्या प्रत्येक भारतीयाचा व्हिसा ही आपली वैयक्तिक जबाबदारी आहे, असं मानणारा माणूस जगात एकच असावा आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरे म्हणून आला आहे. रेल्वेच्या कर्मचारी विभागातून निवृत्त झालेले, चेन्नईत नुंगंबाक्कमला राहणारे हे गृहस्थ. लग्नाच्या पंक्तीत शेजारच्या पानावरचा तरुण परदेशात असतो असं कळलं, की ते त्याचं नावगाव विचारत नाहीत. नोकरी बदलायचा विचार आहे का, एवढंच विचारतात. पोरगा चुकून 'हो' म्हणाला, की पायसम संपेपर्यंत सुटत नाही आणि पुढे हात धुवायच्या रांगेतही सुटत नाही. त्यांची मराठी तंजावरची, तमिळच्या चालीवर झुलणारी. माझी पुण्याची मराठी ऐकून ते मला एकदा म्हणाले होते, "मापिळ्ळे, तुम्ही बोलता का भांडता?" मापिळ्ळे म्हणजे जावई. शनिवारी सकाळी शोळिंगनल्लूरच्या कंपन्यांतली मुलं त्यांच्याकडे सल्ल्याला येतात. कुणाचाही पासपोर्ट हातात घेण्यापूर्वी मामा हात धुतात, आणि तो टेबलावर असेपर्यंत मामींना सांबार बाहेर आणायची मनाई असते. एकानं इडली खाता खाता पासपोर्ट उघडला, तर मामांनी त्याची बशीच उचलून घेतली. "आधी ठरव," म्हणाले, "खायचं का जायचं."

आम्ही या सगळ्याला हसायचो. मग पाळी आमच्या सईची आली. माझी मुलगी सई ओरगडमच्या एका मोटार कारखान्यात इंजिनिअर होती. कंपनीनं तिला आपल्याच जपानमधल्या कचेरीत पाठवलं. ती तिथं रुळली, आणि तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीनं तिला बोलावलं. बॅटऱ्यांवरचं काम होतं, कॉलेजपासून तिच्या डोक्यात असलेलं. एका रविवारी आम्ही मामांकडे जेवायला गेलेलो असताना तिनं व्हिडिओ कॉलवर ही बातमी दिली. उद्या राजीनामा देणार आणि नव्या कंपनीत लगेच रुजू होणार, म्हणाली. बायकोचे डोळे भरून आले. मामांनी फोन आपल्याकडे ओढला.

"व्हिसाचं काय?"

"अजून बरीच मुदत आहे, मामाआजोबा."

"मुदत आहे, पण प्रकार कुठला? कंपनीनं आपलं माणूस आपल्याच शाखेत पाठवलं, त्याचा तो व्हिसा. त्यावर दुसऱ्याकडे काम करता येत नाही. प्रकार बदलून घ्यावा लागतो. आधी परवानगी, मग राजीनामा."

"इथे सगळे म्हणतात, रुजू झाल्यावर अर्ज केला तरी चालतं. आणि ते लोक थांबणार नाहीत. दुसऱ्या कुणाला घेतील." मग ती जरा तोडूनच म्हणाली, "तुम्ही तर कधी विमानातसुद्धा बसला नाहीत."

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मामा भडकणार. पण ते खुर्ची पुढे ओढून शांतपणे बोलायला लागले.

"तुझा रघूमामा सिंगापूरहून का परत आला, ठाऊक आहे?"

रघू हा त्यांचा मुलगा. त्याला तिकडची हवा मानवली नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"कंपनी बदलली, आणि नवी परवानगी हातात यायच्या आधीच नव्या ऑफिसात जाऊन बसला. त्याला परत पाठवलं. त्या नव्या ऑफिसात जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला फोन केला होता, अप्पा काय करू म्हणून. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, तुला पटेल ते कर."

मग मामा लगेच मूळ आवाजात आले. "उद्या नव्या साहेबाला सरळ सांग, कायद्यानं रुजू व्हायचं आहे, थोडं थांबा. त्याला तूच हवी असशील तर थांबेल."

तिनं सांगितलं. साहेब 'बघतो' म्हणाला आणि पुढे उत्तरच येईना. हातची संधी गेली म्हणून मी घरात येरझाऱ्या घालत होतो. मामा मात्र माझ्यासमोर बसून रवा डोसा खात होते. "रेल्वेत माझी हयात बदल्यांच्या कागदांत गेली," म्हणाले. "नको असलेल्या माणसाला लोक ताबडतोब नाही म्हणतात. वेळ लागतो तो हव्या असलेल्या माणसाला हो म्हणायला." अखेर निरोप आला. साहेबानं वकिलाला विचारलं होतं. परवानगीआधी या मुलीला कामाला बसवू नका, असं वकिलानं बजावलं, आणि जागा तिच्यासाठी राखून ठेवली गेली.

परवानगी आली तेव्हा सईनं पहिला फोन मामांना केला. चांगली पाच वर्षांची मिळाली होती. "सरि, ठीक," मामा म्हणाले, "आता दे राजीनामा." मग तिला हसवून त्यांनी फोन ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "पोंगलला येणार होती ना ती?"

"नवी नोकरी आहे, मामा. रजा कुठली मिळायला?"

"नाहीच मिळणार. मी तिचा साहेब असतो तर मीही दिली नसती." मामींनी कॉफी आणून ठेवली. ती निवत होती, तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग जरा संकोचून म्हणाले, "मापिळ्ळे, नोकरीचे सगळे व्हिसे मला पाठ आहेत. नुसतं नातीला भेटून यायचं असलं तर कुठला लागतो, ते मात्र कधी बघितलं नाही."